दोन गाड्यांमधलं अंतर

मेट्रोची नवी मार्गिका सुरू होते तेव्हा तिची लांबी सांगितली जाते, स्थानकांची संख्या आणि खर्च सांगितला जातो. मुंबईची मेट्रो ३ साडेतेहतीस किलोमीटरची, २७ स्थानकांची. आरे ते कफ परेड असा तिचा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५मध्ये प्रवाशांना खुला झाला. दाट वस्तीच्या, जुन्या इमारतींच्या शहराखालून बोगदा नेणं हे फार मोठं काम आहे आणि ते करणाऱ्या अभियंत्यांबद्दल, कामगारांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण घरातून निघून कामावर पोचणाऱ्या माणसाचा हिशेब किलोमीटरमध्ये होत नाही, मिनिटांत होतो. त्यातली कितीतरी मिनिटं गाडीत जातच नाहीत. ती थांब्यावर जातात, पुलावर जातात, शेअर रिक्षाच्या रांगेत जातात. सार्वजनिक वाहतूक सुधारायची तर नव्या मार्गांवर जेवढा पैसा, जेवढी बुद्धी आणि जेवढं राजकीय धाडस आपण लावतो, तेवढं या मिनिटांवर लावायला हवं. दोन गाड्यांमधलं वेळेचं अंतर आणि एका गाडीतून उतरून दुसरीत चढेपर्यंतचं अंतर, या दोन्हींवर शहराची वाहतूक चांगली की वाईट हे ठरतं.

गणित करून पाहू. एखाद्या थांब्यावर दर २० मिनिटांनी बस येते. वेळापत्रक न पाहता तिथे गेलेल्या माणसाला सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. तीच बस दर ६ मिनिटांनी आली तर त्याची सरासरी ३ मिनिटांवर येते, म्हणजे सात मिनिटं वाचतात. आता चार किलोमीटरच्या प्रवासात तेवढीच मिनिटं बस जोरात पळवून वाचवायची म्हटली, तर ताशी १२ किलोमीटरने जाणारी बस साडेअठराच्या वेगाने न्यावी लागेल. घाटकोपर किंवा मालाडच्या रस्त्यावर हे कोण करून दाखवणार? शिवाय सरासरी ही कागदावरची गोष्ट. बस कधी पाच मिनिटांत येते, कधी पस्तीस मिनिटांत. ज्याला कामावर वेळेत हजर व्हायचं असतं तो पस्तीस मिनिटं धरूनच घरातून निघतो. बस लवकर आली तरी त्याची सकाळ त्याला परत मिळत नाही.

रात्री साडेदहाला एकटीने थांब्यावर उभ्या असलेल्या बाईसाठी तर वाट पाहणं हा निव्वळ वेळेचा प्रश्नच नसतो. महिलांच्या सुरक्षिततेसाठी कॅमेरे लावले जातात, दिवे लावले जातात, आणि ते लावायलाच हवेत. पण तिला तिथे वीस मिनिटांऐवजी पाचच मिनिटं उभं राहावं लागलं, तर त्याहून थेट उपाय मला दुसरा दिसत नाही.

मुंबईची लोकल शंभर वर्षांहून अधिक काळ या शहराचा कणा राहिली, त्याचं कारणही दोन गाड्यांमधलं कमी अंतर हेच आहे. ३ फेब्रुवारी १९२५ला बोरीबंदरहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. विजेने धूर गेला, हे खरं. पण शहराला मोठा लाभ निराळाच झाला. विजेची गाडी थांब्यावरून पटकन वेग घेते, आणि शेवटच्या स्थानकावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडावं लागत नाही. मोटरमन या टोकाच्या केबिनमधून उतरून त्या टोकाला गेला की गाडी परत निघायला तयार. म्हणून त्याच रुळांवर जास्त गाड्या सोडता आल्या. पुढे १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह बदलून २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आणण्याचं काम पश्चिम रेल्वेवर २०१२मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५मध्ये आणि हार्बरवर २०१६मध्ये पुरं झालं. त्याचा मोठा सोहळा झाला नाही. बाराचे पंधरा डबे करण्यासाठी फलाट लांबवले जातात, त्याचाही होत नाही. पण पंधरा डब्यांची गाडी बारा डब्यांच्या गाडीपेक्षा पंचवीस टक्के जास्त माणसं नेते, तेही एकही नवा रूळ न टाकता. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका मंजुरीनंतर चौदा वर्षांनी, २०२२मध्ये पूर्ण झाली. लांब पल्ल्याच्या गाड्यांना वेगळी वाट मिळाली की लोकलची वाट मोकळी होते, इतकी साधी ही बाब. आणि तिला चौदा वर्षं लागली.

मुंबईकर गाडीला तिच्या मिनिटाने ओळखतो. आठ बाराची, नऊ सत्तावीसची. घड्याळावरचा हा विश्वास जगातल्या फार थोड्या शहरांनी आपल्या प्रवाशांना दिला आहे. मात्र हा विश्वास सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जतच्या बाजूला गेलं की दोन गाड्यांमधलं अंतर वाढत जातं. तिथे एक गाडी चुकली की अर्धा तास गेला, कधी त्याहून जास्त. मग माणूस भरलेल्या गाडीच्या दारात पायाचा चवडा टेकवायला जागा मिळाली तरी चढतो. जून २०२५मध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, तेव्हा चर्चा दरवाजांची झाली. दरवाजे बंद होणाऱ्या गाड्या यायलाच हव्यात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं जीव गमावतात, हा आकडा कुठल्याही शहराला झोपू देणार नाही असा आहे. पण माणूस दारात का लटकतो, याचं उत्तर त्याच्या मागून येणाऱ्या गाडीत आहे. ती किती मिनिटांनी येणार आणि आली तरी तिच्यात जागा असणार का, हे त्याला ठाऊक असतं. दरवाजा बंद केला आणि मागची गाडी तेवढीच उशिरा, तेवढीच भरलेली आली, तर गर्दी दारातून फलाटावर येईल, एवढंच.

गाड्या वाढवायला अडथळा बहुधा कुठल्यातरी एका चिंचोळ्या जागेचा असतो. चर्चगेटला लोकलसाठी चार फलाट आहेत. आलेली गाडी रिकामी होऊन, भरून, पुन्हा निघेपर्यंत फलाट अडलेला असतो. पुढे मार्ग कितीही मोकळा असला तरी या चार फलाटांतून निघतील तेवढ्याच गाड्या. दिवा स्थानकाजवळचं फाटक उघडलं की दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबत आल्या आहेत. उपनगरी रेल्वे सुधारण्यासाठी २०१९मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी ३-अ प्रकल्पात सीबीटीसी ही सिग्नल यंत्रणा धरलेली होती. गाडी नेमकी कुठे आहे हे सतत कळत राहिल्याने दोन गाड्या आजच्यापेक्षा कमी अंतराने चालवता येतात. पण फाटक, फलाट आणि सांधे तसेच राहिले तर नवी यंत्रणा त्याच अरुंद जागेशी येऊन थांबेल. या कामांचं छायाचित्र चांगलं येत नाही. तरी माझ्या हातात पैसा असता तर मी आधी इथेच खर्च केला असता.

आता दुसऱ्या अंतराकडे येतो, गाडी बदलण्याच्या. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी मध्य रेल्वेचं परळ आणि पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड (आजचं प्रभादेवी) यांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. त्या सकाळी कुठलीही गाडी घसरली नव्हती, कुठला सिग्नल बिघडला नव्हता. माणसं चालत होती. गिरणगावातल्या गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, गर्दीची दिशा आणि आकार दोन्ही बदलले. पूल तेवढाच राहिला. दोन रेल्वे, त्यांच्या हद्दी वेगळ्या, अंदाजपत्रकं वेगळी, आणि जो माणूस एकीतून दुसरीत जातो तो मधल्या पुलावर असतो तेव्हा कोणाचा प्रवासी असतो? मला वाटतं, मुंबईच्या वाहतुकीबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला आणि आपण त्याचं उत्तर फक्त नवीन पूल बांधून दिलं. पूल हवेच होते. लष्कराने ते काम झपाट्याने केलंही. पण जोडणीची जबाबदारी कोणाची, हे तसंच लोंबकळत राहिलं.

मुंबई महानगरात किती यंत्रणा गाड्या चालवतात ते पाहावं. मध्य आणि पश्चिम रेल्वे, मेट्रोच्या वेगवेगळ्या मार्गिका सांभाळणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्या, बेस्ट, ठाण्याची टीएमटी, नवी मुंबईची एनएमएमटी, मीरा-भाईंदर, कल्याण-डोंबिवली आणि वसई-विरारच्या आपापल्या बससेवा, आणि एसटी. प्रत्येक आपलं वेळापत्रक आखते. मेट्रोची शेवटची गाडी आणि स्थानकाबाहेरची शेवटची बस यांचा मेळ घालणं हे नेमून दिलेलं काम कोणाचंच नाही. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांत एकच एकत्रित वाहतूक प्राधिकरण असावं असं सुचवलं. २०१७च्या मेट्रो धोरणाने तर मेट्रोसाठी केंद्राची मदत मागणाऱ्या राज्यांवर स्थानकांच्या पाच किलोमीटरच्या परिसरात पूरक सेवा देण्याची जबाबदारी टाकली. कागदावर सगळं आहे. पण ज्या प्राधिकरणाच्या हाती पैसा नाही आणि वेळापत्रक बदलायला लावण्याचा अधिकार नाही, त्याची बैठक होते, इतिवृत्त लिहिलं जातं, आणि बस पूर्वीसारखीच येते किंवा येत नाही.

ऑक्टोबर २०२५मध्ये ‘मुंबई वन’ हे अ‍ॅप आलं. लोकल, मेट्रो आणि बस यांची तिकिटं त्यावर एकत्र काढता येतात. पाऊल चांगलं आहे. मात्र तिकीट एकत्र काढता येणं आणि तिकीट एकच असणं यात प्रवाशाच्या खिशाला पुष्कळ फरक पडतो. आज गाडी बदलली की नवं भाडं पहिल्या टप्प्यापासून सुरू होतं. जो माणूस दारासमोरून थेट बस मिळण्याइतका सुदैवी नाही, ज्याला दोन-तीनदा बदलावं लागतं, तोच जास्त भरतो. बदलण्याचा त्रासही त्याचा आणि दंडही त्यालाच. परिसरानुसार, वेळेनुसार एकच तिकीट असेल तर प्रवासी सोयीची वाट निवडेल. आज तो पाच-दहा रुपये वाचवायला लांबची, गर्दीची वाट धरतो.

गाड्या वेळेवर यायच्या तर त्यांना रस्ता मोकळा मिळायला हवा. ट्रामचा विषय इथे मुद्दाम काढतो, कारण रस्ता कोणाला द्यायचा हा निर्णय आपल्या शहराने एकदा चुकीच्या बाजूने घेतला होता. मुंबईत ९ मे १८७४ला घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ला विजेची आली, १९२०मध्ये दुमजली ट्राम आली. ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. मद्रासची त्याआधी १९५३मध्ये गेली होती, दिल्लीची १९६३मध्ये. ट्राम मंद आहे, मोटारींना अडथळा होते, हे ती बंद करण्याचं तेव्हाचं मोठं कारण. खरंच ती मंद झाली होती. पण ती मंद झाली होती कारण तिच्या रुळांवर मोटारी उभ्या होत्या. ज्या वाहनात साठ-सत्तर माणसं होती ते, ज्यांत एक-दोन माणसं होती त्यांच्यामागे अडकलं. आणि निकाल साठ-सत्तर माणसांच्या विरोधात लागला.

त्याच पेचात स्वित्झर्लंडमधलं झुरिक शहर सापडलं होतं. तिथेही ट्राम मोटारींत अडकत होती आणि तज्ज्ञांचं म्हणणं होतं की भुयारी रेल्वे बांधावी, म्हणजे वरचा रस्ता मोटारींना मोकळा होईल. १९७३मध्ये तिथल्या मतदारांनी भुयारी रेल्वेचा प्रस्ताव नाकारला. १९७७मध्ये त्यांनी ट्राम आणि बसला रस्त्यावर अग्रक्रम देण्यासाठी २० कोटी फ्रँक मंजूर केले. त्या पैशातून ट्रामच्या वाटेवरून मोटारी हटवल्या गेल्या, आणि येणारी ट्राम ओळखून वेळेवर हिरवे होणारे सिग्नल बसवले गेले. आज झुरिकच्या बहुतेक ट्राममार्गांवर दिवसा साडेसात मिनिटांच्या आसपास गाडी येते. १९९०मध्ये तिथे उपनगरी रेल्वेचं नवं जाळं आलं आणि त्याबरोबर सगळ्या सेवांसाठी एकच भाडेपद्धत आली. ट्राम, बस, रेल्वे आणि तलावातली बोटसुद्धा त्या एका तिकिटावर.

झुरिक चार-साडेचार लाखांचं शहर, आपलं महानगर दोन कोटींच्या पुढचं. तुलना कशी करता, असं कोणी विचारील. रास्त आक्षेप आहे. मुंबईला मेट्रो हवीच. दोन कोटींचं महानगर फक्त ट्राम आणि बसवर चालणार नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण झुरिकने जे केलं त्याचा आकाराशी संबंध नाही. रस्ता कोणाचा, हा प्रश्न त्यांनी माणसं मोजून सोडवला. सिग्नल असलेल्या रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला सातशे-आठशे मोटारी जातात. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर झाली हजार-बाराशे माणसं. त्याच मार्गिकेवर दर मिनिटाला एक बस सोडली आणि बसमध्ये साठ माणसं धरली, तर तासाला ३,६०० होतात. उलट शहर जितकं मोठं, जितकं दाट, तितका हा हिशेब बसच्या बाजूने झुकतो. रस्त्याची एक मार्गिका बसला दिली तर मोटारींची कोंडी वाढेल, हे खरं आहे, काही महिने वाढेल. पण आज ती कोंडी बसमधली माणसंसुद्धा सोसताहेत, आणि ती त्यांनी केलेली नाही.

कोंडी बसचा वेग तर खातेच, शिवाय वेळापत्रकच मोडून टाकते. दर दहा मिनिटांनी सोडलेल्या बसपैकी एक थोडी अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात. ती चढेपर्यंत बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला मात्र माणसं कमी मिळतात, ती भराभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. मग अर्धा तास काहीच नाही आणि मग एका नंबरच्या तीन बस एकामागे एक, पहिली खच्चून भरलेली आणि तिसरी रिकामी. प्रवासी कंडक्टरला बोल लावतो, कंडक्टर ड्रायव्हरकडे पाहतो, आणि दोघांचाही त्यात दोष नसतो. यावर उपाय राखीव मार्गिकेचा, सिग्नलचा, चढताना तिकिटासाठी न थांबण्याचा आणि दोन दारांतून चढू-उतरू देण्याचा आहे.

पुण्याने हे आधी करून पाहिलं होतं. २००६च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेवरची बससेवा, सुरू झाली. पण राखीव मार्गिका सलग नव्हती, चौकाचौकात ती तुटत होती, दुचाक्या आणि मोटारी तिच्यात सर्रास शिरत होत्या, आणि थांब्यापर्यंत रस्ता ओलांडून जाणं धोक्याचं होतं. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी काही ठिकाणी उखडलीही गेली. त्यातून लोकांच्या मनात बसलं की बीआरटी आपल्याकडे चालत नाही. अर्धवट केलेली योजना फसली म्हणजे योजनाच खोटी, हा निष्कर्ष मला मान्य नाही. अहमदाबादने २००९मध्ये मधोमध थांबे आणि सलग मार्गिका करून सुरुवात तरी नीट केली होती. पुण्यात आज मेट्रो धावते आहे, वाढते आहे. पण तिच्या स्थानकावर उतरलेल्या माणसाला पुढे नेणारी पीएमपीएमएलची बस जर दुचाक्यांच्या गर्दीत उभी असेल, तर तो माणूस दुसऱ्या महिन्यात हप्त्यावर स्कूटर घेईल. पुण्यात इतक्या दुचाक्या का, याचं मोठं उत्तर थांब्यावर आहे.

बेस्टची बससेवा १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर सुरू झाली. म्हणजे २०२६ हे तिचं शताब्दीचं वर्ष. २०१०च्या आसपास तिच्याकडे चार हजारांहून बऱ्याच अधिक बस होत्या. आता तो आकडा तीन हजारांच्या खाली आहे आणि त्यातल्या बहुसंख्य कंत्राटदारांच्या आहेत. २०१९मध्ये किमान भाडं पाच रुपयांवर आणलं गेलं, मे २०२५मध्ये ते दहा झालं. भाड्यावर खूप वाद होतात आणि ते व्हावेत, कारण घरकामाला जाणाऱ्या बाईला, वॉचमनला, शाळेतल्या मुलाला पाच रुपये मोठे असतात. पण न येणाऱ्या बसचं भाडं कितीही कमी असलं तरी त्या बाईला शेवटी दोन किलोमीटर चालावंच लागतं, नाहीतर शेअर रिक्षाला तीनपट पैसे मोजावे लागतात. सरकारच्या हातात जो रुपया आहे तो आधी फेऱ्या वाढवायला जावा, मग भाडं उतरवायला. या क्रमाबद्दल माझ्या मनात शंका नाही.

जिथे दर पाच मिनिटांनी गाडी देणं शक्य नाही तिथे काय करायचं, याचंही उत्तर आहे. स्वित्झर्लंडने १९८२मध्ये देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याचं वेळापत्रक आणलं. मोठ्या स्थानकांवर गाड्या जवळपास एकाच वेळी पोचतील आणि बाहेर बस त्यांची वाट पाहत उभी असेल, असा मेळ त्यातून घालता येतो. तासाला एकच गाडी असली तरी चालतं, कारण जोडणी हमखास मिळते. कसारा, कर्जत, वाणगाव, डहाणू इथे असं करायला नवा रूळ लागत नाही. लोकल फलाटाला लागते त्यानंतर दहा मिनिटांनी गावाकडची एसटी सुटावी आणि लोकल उशिरा आली तर तिने थांबावं, एवढा करार दोन खात्यांमध्ये व्हायला हवा. आज कितीदा असं होतं की पुलावरून धावत खाली येणाऱ्यांना एसटीची पाठ दिसते.

आणि मुंबईत हे सुरू करायची वेळ आत्ताची आहे. मेट्रो ३ मुळे वरळी, सिद्धिविनायक, गिरगाव, फोर्ट या पट्ट्यातून लांब अंतर जाणारे पुष्कळ प्रवासी जमिनीखाली जातील. त्यांच्या वरून समांतर धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या बसना तेवढं काम उरणार नाही. त्या बस बंद करून आगाराबाहेर काढण्याचा मोह होईल. तसं होऊ देऊ नये. त्याच बस, तेच ड्रायव्हर आणि तेच कंडक्टर तीन-चार किलोमीटरच्या आडव्या मार्गांवर घालावेत. मेट्रोच्या स्थानकापासून लोकलच्या स्थानकापर्यंत, तिथून रुग्णालयापर्यंत, वसाहतीपर्यंत, सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत दर सहा मिनिटांनी. बसथांबा स्थानकाच्या दारापासून शंभर पावलांच्या आत हवा, आणि तिथवरच्या पदपथावर दुचाकी उभी करू द्यायची नाही. यासाठी पालिका, मेट्रो, वाहतूक पोलीस आणि बेस्ट यांना एका टेबलाशी बसवणारा, आणि न झाल्यास ज्याला नावानिशी जाब विचारता येईल असा एक अधिकारी नेमावा. पहिला मार्ग वरळीहून प्रभादेवी-परळकडे जाणारा असावा.